अधिकच्या चिन्हाचा हिशेब

६, ६, ६, ६+, ७, ९+, १०, १०+, ११+, १३, १६, १७+, १९+, २०+, २२, २३, २५+, ३२+, ३२+, ३४+, ३५+.

हे आठवडे आहेत. तीव्र ल्युकेमिया झालेल्या, लहान वयाच्या रुग्णांवर अमेरिकेत एमिल फ्रायराइक आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी केली आणि १९६३ साली तिचे निष्कर्ष छापले. स्टेरॉइडने रोग आटोक्यात आला की रुग्णांच्या जोड्या लावायच्या. जोडीतल्या एकाला ६-मर्कॅप्टोप्युरिन, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. मग रोग किती आठवड्यांनी उलटतो ते पाहायचे. वरचे २१ आकडे औषध घेणाऱ्यांचे. नुसता ६ म्हणजे सहाव्या आठवड्यात रोग उलटला. ६+ म्हणजे सहा आठवडे पाहिले, तोवर उलटला नव्हता; पुढचे माहीत नाही.

दुसऱ्या गटात अधिकचे चिन्ह एकही नाही: १, १, २, २, ३, ४, ४, ५, ५, ८, ८, ८, ८, ११, ११, १२, १२, १५, १७, २२, २३. सगळ्या २१ जणांचा रोग उलटला. सरासरी ८.७ आठवडे.

आता औषधगटाची सरासरी काढा. १२ रुग्णांचा शेवट माहीत नाही म्हणून त्यांना वगळले, तर उरलेल्या ९ जणांची सरासरी येते १२.१ आठवडे. म्हणजे औषधाने जेमतेम साडेतीन आठवडे मिळवून दिले. वगळण्याऐवजी ६+ ला ६ आणि ३५+ ला ३५ धरून सगळ्यांना मोजले, तर सरासरी १७.१. दोन्ही उत्तरे खोटी आहेत, आणि दोन्ही एकाच दिशेने खोटी आहेत: औषध आहे त्याहून कमकुवत दिसते. पहिल्या रीतीत तर ज्यांना औषध सर्वांत जास्त लागू पडले त्यांनाच आपण यादीबाहेर काढतो. ही चूक आजही सर्रास होते आणि करणाऱ्याला ती काटेकोरपणा वाटते.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली सुचवलेली वाट अशी. आठवडा ६: पाहणीत २१, रोग उलटला तिघांचा. टिकले २१ पैकी १८, म्हणजे ८५.७ टक्के. त्याच आठवड्यात ६+ वाला रुग्ण पाहणीतून बाहेर पडतो. सातव्या आठवड्याला उरले १७, उलटला एकाचा, म्हणून ८५.७ ला १६/१७ ने गुणायचे: ८०.७. मग ९+ बाहेर. दहाव्याला १५ पैकी एक: ७५.३. असेच पुढे जायचे. तेराव्याला ६९, सोळाव्याला ६२.७, बाविसाव्याला ५३.८, तेविसाव्याला ४४.८ टक्के. अधिकचे चिन्ह लागलेला रुग्ण जितके आठवडे डोळ्यांसमोर होता तितके आठवडे छेदात बसतो आणि मग बाजूला होतो. त्याच्या भविष्याबद्दल काहीही गृहीत धरलेले नाही, पण त्याने दिलेली माहितीही वाया गेलेली नाही. निम्म्या रुग्णांचा रोग उलटायला औषधगटात २३ आठवडे लागतात, दुसऱ्या गटात ८. साडेतीन आठवड्यांचा फरक पंधरा आठवड्यांचा झाला, आकडे तेच.

कॅप्लन त्या वेळी बेल लॅबोरेटरीजमध्ये होते, समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतील या चिंतेत. मायर कर्करोगाच्या रुग्णांचे आकडे घेऊन बसले होते. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे वेगवेगळे लेख धाडले आणि शेवटी ते जोडून एकच लेख निघाला.

हाच हिशेब आणखी थोडक्यात करायची एक रीत क्रिकेटच्या चाहत्याला लहानपणापासून येते. सचिन तेंडुलकरच्या कसोटीत धावा १५,९२१, डाव ३२९, त्यांपैकी ३३ वेळा नाबाद. सरासरी काढताना भागायचे २९६ ने, येतात ५३.७८. नाबाद डावातल्या धावा अंशात घ्यायच्या, छेदात फक्त बाद झालेले डाव. औषधगटाच्या सर्व आठवड्यांची बेरीज ३५९, ‘बाद’ ९. भागाकार ३९.९ आठवडे. दुसऱ्या गटात १८२ भागिले २१, म्हणजे ८.७. दर १०० रुग्ण-आठवड्यांमागे रोग उलटण्याच्या घटना एकीकडे २.५, दुसरीकडे ११.५, साडेचार पटींहून अधिक फरक. डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ साली गटागटांतल्या धोक्याची तुलना करण्याची आपली प्रसिद्ध पद्धत मांडली तेव्हा उदाहरणाला हेच ४२ आकडे घेतले होते.

पण या भागाकारात एक अट लपलेली असते: धोका शेवटपर्यंत सारखाच राहतो. फलंदाज शून्यावर असताना बाद होण्याची शक्यता जितकी, तितकीच शतकानंतरही. प्रत्यक्षात तसे नसते हे कोणीही सांगेल. यंत्रांच्या बाबतीत ही अट जास्त महाग पडते. हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकावर ‘सरासरी आयुष्य १० लाख तास’ असे छापलेले असते. वर्षात ८,७६० तास. म्हणजे ११४ वर्षे! एकही डिस्क ११४ वर्षे चालवून पाहिलेली नसते. हजारो डिस्क थोडे महिने चालवायच्या, एकूण तासांना बिघाडांच्या संख्येने भागायचे, झाले. या आकड्याचा खरा अर्थ इतकाच की वर्षाला १०० पैकी ०.९ हून कमी डिस्क बिघडाव्यात. आणि धोका कायम सारखा राहतो असे मानले तरी ११४ वर्षांपर्यंत टिकणाऱ्या डिस्क निम्म्या नसतात, ३७ टक्केच असतात.

बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ साली सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. वर्षाला बदलाव्या लागलेल्या डिस्क २ ते ४ टक्के हे नेहमीचे, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय धोका सपाट नव्हता; वयाबरोबर तो लवकरच चढू लागत होता. वॅलोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याचे १९५१ च्या लेखातले सूत्र अशाच ठिकाणी कामाला येते: त्यातला घातांक १ असेल तर धोका सपाट, १ हून जास्त असेल तर झीज, कमी असेल तर सुरुवातीचेच दोष. झीज खरोखर आहे की आकड्यांचा भास, हे पारखण्याची एक कसोटी पुण्याच्या जयंत देशपांडे यांनी १९८३ साली ‘बायोमेट्रिका’त मांडली.

राहिला अधिकच्या चिन्हावरचा भरवसा. पाहणी आटोपली म्हणून चिन्ह लागले असेल तर ते निरुपद्रवी. पण क्षयाचा रुग्ण मुंबई सोडून गावी गेला आणि दवाखान्यात यायचा थांबला, तर तो बरा वाटल्याने गेला की खंगल्यामुळे? गणित दोघांना एकच चिन्ह देते आणि पुढे सरकते. फ्रायराइक यांच्या औषधगटात तेविसाव्या आठवड्याला ४४.८ टक्के टिकले म्हणतो. त्याआधी बाहेर पडलेल्या ७ जणांचा रोग लगेच उलटला असे धरले तर आकडा २४ वर येतो. एकाचाही उलटला नाही असे धरले तर ५७ वर जातो. शिवाय त्या आठवड्याच्या सुरुवातीला पाहणीत उरले होते फक्त सहा जण. जबाबदार नियतकालिके टिकलेल्यांच्या टक्क्यांच्या आलेखाखाली हे उरलेल्यांचे आकडे एका ओळीत छापतात. वक्ररेषा पाहण्याआधी ती ओळ वाचावी.