रणगाडा सापडला, त्यातील माणसांचे काय?

दरवर्षी नोव्हेंबर लागला की विलायतेत स्मरणदिनाचे सोहळे सुरू होतात, मंत्र्यांच्या कोटांवर पॉपीची लाल फुले दिसू लागतात, आणि 20 तारीख जवळ आली की पहिल्या महायुद्धातील, 1917 सालच्या फ्रान्समधील कांब्रेच्या लढाईची आठवण निघून ‘मातीतून निघालेल्या रणगाड्या’चे छायाचित्र पुन्हा छापण्याचा आता रिवाजच पडला आहे. त्या लढाईचा वृत्तांत वाचकांच्या नजरेखालून गेलेला असल्यामुळे तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. परंतु हा रणगाडा कोणाचा, त्यात कोण होते आणि त्यांची गती काय झाली, हे ठरविण्यासाठी जो खटाटोप झाला तो छायाचित्राखालच्या दोन ओळींत कधीच मावत नाही. आणि माझ्या मते लढाईपेक्षा तो खटाटोपच अधिक बोधप्रद आहे.

लढाईच्या पहिल्या दिवशी, 20 नोव्हेंबरला, ब्रिटिशांनी 476 रणगाडे आणले होते व त्यांपैकी 378 प्रत्यक्ष लढणारे होते. रात्री हिशेब मांडला गेला तेव्हा 179 निकामी झाल्याचे दिसले : 65 शत्रूच्या माऱ्याने, 71 यंत्र बिघडून आणि 43 खंदकात वा खड्ड्यात रुतून. म्हणजे 114 रणगाड्यांच्या बाबतीत शत्रूला काडीचेही श्रेय नव्हते. फेरिस्त मोठी चोख आहे. मात्र ती लोखंडाची आहे, माणसांची नव्हे.

या फेरिस्तेतील एक रणगाडा म्हणजे ‘डी’ बटालियनची 51 क्रमांकाची ‘डेबोरा’. त्या बटालियनमध्ये प्रत्येक रणगाड्याचे नाव ‘डी’ या अक्षरानेच सुरू व्हावे असा दंडक होता. मार्क चार जातीच्या या धुडात आठ माणसे बसत, आणि 105 अश्वशक्तीचे इंजिन कोणत्याही आडपडद्याशिवाय त्यांच्याच मधोमध धडधडत असे. उष्णता, धूर आणि कानठळ्या बसविणारा आवाज यांत नुसते वळण घ्यायचे म्हटले तरी चौघांनी एकमेकांना खुणा करून एकदिलाने दांडे ओढावे लागत, आणि एवढ्या सायासाने जी गती मिळे ती पायी चालणाऱ्या माणसाइतकीच. सेकंड लेफ्टनंट फ्रँक हीप याच्या हुकमतीखाली ही डेबोरा फ्लेस्किएर गाव ओलांडून पलीकडच्या टोकाला गेली, तेथे जर्मन तोफांच्या थेट टप्प्यात सापडली आणि पाच जण ठार झाले. उरलेल्यांना घेऊन हीप आपल्या फळीत परतला व त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. रणगाडा मात्र तेथेच राहिला, आणि पुढे भूमीवरून नाहीसा झाला.

त्याचा पाठपुरावा करणारा गृहस्थ कोणी सेनापती नव्हता, की विद्यापीठातील आचार्य नव्हता. फिलिप गोर्चिन्स्की हा कांब्रेचा हॉटेलचालक; परंतु या लढाईने त्याला असे झपाटले की गावोगाव हिंडून वृद्धांच्या जबान्या घेणे हाच त्याचा खरा व्यवसाय होऊन बसला. फ्लेस्किएरच्या एका वृद्धेने त्याला सांगितले की, आपण लहानपणी रशियन युद्धकैद्यांना एक रणगाडा मोठ्या खड्ड्यात ढकलताना पाहिले होते. आठ दशकांपूर्वीची, तीही बालवयातली आठवण. एखाद्या पंडिताने ती ऐकून सोडून दिली असती. या गृहस्थाने ती जबानी मानली, पण तिच्यावरच विसंबून राहिला नाही : जुनी हवाई छायाचित्रे पडताळली, जमिनीची यांत्रिक तपासणी करविली आणि मगच कुदळ चालविली. 1998 च्या नोव्हेंबरात, लढाईच्या वर्धापनदिनाच्याच सुमारास, डेबोरा उजेडात आली. सामान्य माणसाच्या चिकाटीचे इतके निर्मळ उदाहरण अलीकडच्या इतिहाससंशोधनात मला तरी दुसरे आढळत नाही.

तथापि लोखंड सापडले म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. हा रणगाडा डेबोराच, हे कोणत्या आधारावर म्हणावे? येथून पुढचे काम कुदळीचे नसून दफ्तराचे होते : बटालियनच्या युद्धदैनंदिन्या, दफनभूमीची नोंदपुस्तके आणि हीपच्या कुटुंबात राहिलेले एक जुने छायाचित्र, ज्यातील मोडतोड मातीतून निघालेल्या धुडावरील मोडतोडीशी तंतोतंत जुळली. माणसांचा माग काढणे त्याहून बिकट, कारण पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांची बहुसंख्य सेवापत्रके 1940 च्या सप्टेंबरात लंडनवरील बाँबहल्ल्यात जळून गेली; जी उरली त्यांनाही दस्तऐवजखान्यात ‘जळके कागद’ म्हणूनच ओळखतात. एका महायुद्धाने माणसे नेली आणि दुसऱ्याने त्यांचे दाखलेही नेले. म्हणूनच जॉन टेलर यांच्यासारख्या अभ्यासकाला या आठ जणांचा इतिहास बारीकसारीक पुराव्यांतून जुळवीत बसावे लागले.

जेथे कागद मुका होतो तेथे दंतकथा वाचाळ होते. फ्लेस्किएरला एकाच जर्मन गोलंदाजाने एकट्याने तोफ चालवून रणगाड्यांची रांगच्या रांग गारद केली, ही कथा खुद्द ब्रिटिश सरसेनापती हेगच्या खलित्यात शिरली, आणि पुढे जर्मनांनी त्या वीराला नाव देऊन कोलोनला स्मारकही उभारले. वास्तविक तेथे अनेक तोफा होत्या आणि त्या चालविणाऱ्यांनी रणगाड्यांवर नेम धरण्याचा सराव केलेला होता. आपल्याकडेही पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी शंका रेंगाळत राहिल्यामुळे पुणे दरबाराला तोतयाचे लचांड किती काळ निस्तरावे लागले, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आज डेबोरा 2017 साली उघडलेल्या संग्रहालयात उभी आहे आणि तिचे पाचही सैनिक लगतच्याच दफनभूमीत आहेत. ही व्यवस्था उचितच. पण ती पाहून आपल्या एका गोष्टीची खंत वाटल्यावाचून राहत नाही. याच लढाईच्या उत्तरार्धात हिंदी घोडदळही लढले होते. 1 डिसेंबर 1917 रोजी लान्स दफेदार गोविंदसिंग याने गोळीबारातून तीनदा संदेश पोहोचविले, तिन्ही वेळा त्याचे घोडे ठार झाले, आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदकामुळे त्याचे नाव राहिले. परंतु फ्रान्स-बेल्जियमच्या मातीत ज्यांची कबर वा चिताभूमी ठाऊक नाही असे सुमारे 4,700 हिंदी सैनिक न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर केवळ नावांपुरते उरले आहेत. त्यांच्या पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील अभिलेखागारात, रणगाडा-दळाच्या दैनंदिन्यांच्याच मालिकेत, आजही उपलब्ध आहेत. एका हॉटेलचालकाने आठ माणसांसाठी जे केले, ते आपल्या एखाद्या विद्यापीठाने किंवा इतिहास मंडळाने निदान एका रिसाल्यापुरते हाती घ्यावे. त्यासाठी कुदळीची गरज नाही, थोडा निधी आणि दफ्तर वाचण्याची सवय असलेले दोन-चार तरुण एवढ्यावर भागेल.