बाजूच्या सीटवर कोण बसणार?

भीती आणि स्टिअरिंग : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण पायऱ्यांची वही केली. जिथे जिथे गाडी चालवायची धास्ती वाटते ती ठिकाणं लिहायची, प्रत्येकापुढे शून्य ते शंभर असा भीतीचा आकडा टाकायचा आणि सगळ्यांत कमी आकड्यापासून सुरुवात करायची. ही आकड्यांची पद्धत जोसेफ वोल्पे या मूळ दक्षिण आफ्रिकेच्या मनोविकारतज्ज्ञाची. वही तयार झाली, किल्ली हातात घेतली, की पुढचा प्रश्न हमखास येतो : सोबतीला कोण?

आपल्या घरांत या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. नवरा, नाहीतर भाऊ, नाहीतर नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा. बहुतेक वेळा हे उत्तर चुकतं. माणसं प्रेमळ असतात, हेतू चांगला असतो, पण बाजूला बसल्यावर त्यांचं काय होतं ते आठवून पाहा. एक हात दाराच्या वरच्या हँडलला, नजर समोरच्या रिक्षावर आणि उजवा पाय मॅटवर करकचून दाबलेला, जणू तिथेही ब्रेक आहे. ‘‘अगं, हळू. अगं, दुसऱ्यात टाक. हॉर्न दे त्याला!’’ गाडी चालवणारीला आधीच धडधडतंय, आता तिला रस्त्यासोबत नवऱ्याचा चेहराही वाचावा लागतो. घाबरलेल्या माणसाशेजारी दुसरा घाबरलेला माणूस बसवून भीती कमी झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचे सर त्या मानाने शांत असतात, कारण त्यांच्या पायाखाली खरोखरच ब्रेक असतो, शिवाय क्लचही. पण तिथेच एक मेख आहे. शिकताना चौकात गाडी थांबली ती कुणी थांबवली, चढावर मागे सरकली नाही ती कुणामुळे, हे शिकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. हातात लायसन्स येतं आणि मनात शंका राहते की एवढे दिवस गाडी आपण चालवत होतो की सर? गाडी वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहते त्यात या शंकेचा वाटा मोठा आहे.

मानसोपचारात अशा आधारांना ‘सुरक्षिततेच्या युक्त्या’ म्हणतात. पाण्याची बाटली मांडीजवळ हवीच, एसी फुल्ल हवा, फोनवर बहीण चालू हवी, डावी लेन सोडायची नाही, पुढचा फाटा कुठे आहे ते सतत पाहत राहायचं. (डॅशबोर्डवरच्या गणपतीला यात धरलेलं नाही. तो बेधडक चालवणाऱ्यांच्याही गाडीत असतो.) या युक्त्यांनी त्या दिवसापुरतं निभावतं, पण मन हिशेब असा मांडतं की बाटली होती म्हणून वाचलो. भीती मुळात खोटी होती हे कळायची संधी दरवेळी हुकते.

अमेरिकेत मिशिगन राज्यात मॅकिनॉ नावाचा झुलता पूल आहे. १९५७ साली तो वाहतुकीला खुला झाला, लांबी सुमारे आठ किलोमीटर. तो ओलांडताना पोटात गोळा येणारे इतके असतात की पुलाच्या प्राधिकरणानेच सोय करून ठेवली आहे. कळवलं की त्यांचा माणूस येतो आणि तुमची गाडी तुमच्यासकट पलीकडे नेऊन देतो. अडलेल्या प्रवाशाला ही सेवा मोलाची आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र परतीच्या वाटेवर पूल पुन्हा उभा असतो आणि भीतीही होती तेवढीच असते. आपल्याकडे ही सेवा घरोघरी फुकट मिळते : ‘‘राहू दे, घाट आला, आण मी घेतो.’’

मग सोबतीला कुणालाच घेऊ नये का? तसं नाही. ज्याने ही भीती स्वतः चाखली आहे, असा माणूस घ्यावा.

क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन बाईंचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं वाटतं. सिडनी विद्यापीठाची विज्ञानातली ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ ही पदवी मिळवणारी ही पहिली स्त्री. विशीत असताना त्यांना क्षय झाल्याचं चुकीचं निदान झालं, आरोग्यधामात राहावं लागलं आणि बाहेर आल्या त्या छातीतली धडधड घेऊनच. ती काही केल्या थांबेना. शेवटी पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने सांगितलं की खंदकात आमचंही असंच व्हायचं, तू धडधडीला घाबरतेस म्हणून ती वाढते. एवढ्या बोलण्याने त्यांना वाट सापडली. पुढे त्या वैद्यकीय डॉक्टर झाल्या आणि १९६२ साली चिंताविकारावरचं त्यांचं पहिलं पुस्तक आलं. लाट आली की तिच्याशी झुंजायचं नाही, तिला येऊ द्यायचं, अंग सैल सोडायचं आणि वेळ जाऊ द्यायचा, हे त्यांच्या सांगण्याचं सार. त्यांना हे पहिल्यांदा समजावणारा डॉक्टर नव्हता, एक सैनिक होता. ‘मलाही झालं होतं’ या वाक्याला जे वजन असतं ते ‘काही होत नाही गं’ला कधीच येत नाही.

कोथरूडमधल्या दोन मैत्रिणी मला ठाऊक आहेत. दोघींनाही चांदणी चौकातून बायपासला लागायचं म्हटलं की हात गार पडायचे. दोघींनी जोडी जमवली. आधी सोसायटीच्या आवारात फेऱ्या, मग रविवारी पहाटे कर्वे रस्ता, मग वारजे, मग नवले पुलावरून पुढे कात्रजच्या नव्या बोगद्याकडे. या शेवटच्या टप्प्यात एकदा मी मागच्या सीटवर होतो. बोगद्याच्या अलीकडे चढावर वाहतूक तुंबली. पुढे कंटेनर, मागे बस अगदी डिकीला चिकटलेली. हँडब्रेक ओढलेला, तरी चालवणारीच्या हातांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली. बाजूची मैत्रीण समोर बघत एवढंच म्हणाली, ‘‘आकडा?’’ 

‘‘ऐंशी. नाही, नव्वद.’’ 

‘‘बरं.’’ 

मग कुणीच बोललं नाही. पाणी दिलं नाही, एसी वाढवला नाही, ‘दीर्घ श्वास घे’ सुद्धा नाही. मागून हॉर्नचा गजर चालूच होता. कंटेनर हलला, क्लच अर्ध्यावर आला, हँडब्रेक सुटला, गाडी वर चढली. बोगद्यात शिरल्यावर पुन्हा, ‘‘आकडा?’’ ‘‘पन्नास असेल.’’ सोबत्याचं काम इतकंच आणि ते दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. पॅनिकचा जोर साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरतो. तो उतरेपर्यंत मध्ये न पडणं घरच्यांना जमत नाही, कारण त्यांना समोरचा त्रास बघवत नाही. जो स्वतः त्यातून गेलाय त्याला उतार ठाऊक असतो.

या दोघींची आणखी एक रीत उचलण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी त्या वहीत लिहीत, ‘आज काय होईल असं वाटतंय?’ उत्तर नेमकं हवं. ‘भीती वाटेल’ चालणार नाही, ‘चक्कर येऊन गाडी डिव्हायडरवर जाईल’ असं. परत आल्यावर खाली लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या मते शिकणं या दोन ओळींमधल्या अंतरात असतं. फेरी संपताना तुम्ही शांत होतात की नाही हे तितकं महत्त्वाचं नाही, भाकीत खोटं ठरलं का ते बघायचं. चक्कर येण्याचं भाकीत तर बहुधा खोटंच ठरतं. शुद्ध हरपते ती सहसा रक्तदाब एकदम खाली गेल्यावर आणि पॅनिकमध्ये तो उलट वर गेलेला असतो. डोकं हलकं वाटतं, बोटांना मुंग्या येतात, त्याचं कारण भराभर घेतलेला श्वास.

पण सगळीच भाकितं खोटी नसतात. याच बोगद्याकडून नवले पुलाकडे परत येताना लांबलचक उतार आहे आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांमुळे तिथे मोठे अपघात झालेले आहेत. तिथे सावध राहणं शहाणपणाचंच. खालच्या गिअरमध्ये उतरायचं, अंतर ठेवायचं. चढावर गाडी मागे जाईल ही भीती असेल तर आधी हँडब्रेक लावून गाडी उचलायचा सराव करा. कौशल्याची उणीव पायऱ्यांच्या वहीने भरून निघत नाही. धडधड पहिल्यांदाच होत असेल तर हृदय आणि थायरॉईड तपासून घ्या. झोपेची किंवा चिंतेची गोळी घेऊन चालवू नका. एक्स्प्रेस-वेवर घाबरं झालं म्हणून कडेला गाडी उभी करणं धोक्याचं, वेग थोडा कमी करून पुढचा फाटा किंवा फूड मॉल गाठा. भीतीने घराबाहेर पडणंच थांबलं असेल तर मात्र जोडीवर न विसंबता मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

समदुःखी मंडळी जमली की आणखी एक गोष्ट होते, अपघातांच्या कहाण्या सुरू होतात. ‘काल खंबाटकीत काय झालं बघितलंस का’ आणि मागोमाग व्हिडिओ. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे चालतं तो सोडलेला बरा. वहीतल्या आकड्यांवर बोलणारी दोन माणसं पुरतात.

आणि या जोडीलाही मुदत हवी. आज मैत्रीण शेजारी, नंतर ती मागून तिच्या गाडीत, मग ती आधीच खेड शिवापूरला चहाला जाऊन थांबलेली, फोन बंद. शेवटी तर आपण कुठे निघालोय हे तिला ठाऊकच नाही. ही पायरी वहीत लिहायची बहुतेक जण विसरतात आणि मग मैत्रिणीची पाण्याची बाटली होते.

प्रत्यक्ष अपघातातून आलेल्या भीतीला पायऱ्या फार बारीक लागतात. १९६२ साली वोल्पेंनी अशाच एका बाईची हकिगत प्रसिद्ध केली. ट्रकच्या धडकेनंतर त्यांना बाजूने येणाऱ्या गाड्यांची दहशत बसली होती आणि सुरुवात करावी लागली ती कल्पनेतल्या मोकळ्या मैदानावर दुरून सावकाश येणाऱ्या एका गाडीपासून. ती हकिगत पुढच्या आठवड्यात.