दोन टोके आणि एक टाळी

मागच्या दिवाळीत आमच्या वडोदऱ्याच्या घरी फराळाला सगळे जमले होते. माझा भाचा डाव्या विचारांचा, तर यांचा पुतण्या पक्का उजवा. चकल्या संपेपर्यंत दोघांचे कशावरही पटले नाही. मग बँका, बातम्या, युद्धे असा विषय निघाला आणि अचानक एकमत झाले. "खरं सांगू का, या सगळ्यामागे ज्यूच आहेत. पैसा त्यांचा, मीडिया त्यांचा," एक म्हणाला आणि दुसऱ्याने चक्क टाळी दिली.

समोर आईच्या मैत्रीण बसल्या होत्या, अहमदाबादच्या मावशी. त्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांचे मराठी आणि आडनावातले 'कर' ऐकून मुलांनी त्यांना आपल्यातलेच धरले होते. मावशी हसून म्हणाल्या, "अरे, जग मी चालवते हे मला कुणी सांगितलंच नाही! माझी तर पेन्शनसुद्धा वेळेवर येत नाही." मुले ओशाळली, विषय बदलला. मी मात्र गप्प राहिले. ती रुखरुख अजून आहे, म्हणून हे लिहिते आहे.

कोकणात मावशींचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शेजाऱ्यांनी त्यांचा कधी छळ केला नाही. हिंदी सिनेमातले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच समाजातले. अहमदाबादचे कांकरिया प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिडही. मग मुलांच्या तोंडी हे वाक्य आले कुठून?

ते आले युरोपातून. 1903 साली रशियात एक मजकूर छापला गेला. ज्यू पुढाऱ्यांनी जग ताब्यात घेण्याचा कट केला आणि हे त्या बैठकांचे इतिवृत्त, असा त्याचा दावा होता. 1921 साली लंडनच्या 'टाइम्स'ने ही बनवाबनवी उघडी पाडली. त्यातला बराच मजकूर 1864 च्या एका फ्रेंच उपहासात्मक पुस्तकातून उचललेला होता आणि त्या पुस्तकात ज्यूंचे नावही नव्हते. तरीही अमेरिकेत मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या वृत्तपत्राने त्याचा प्रचार केला आणि जर्मनीत नाझींनी तो वापरला. पुढे काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. साठ लाख माणसे मारली गेली.

हा द्वेष फक्त उजव्यांचा, असे मला पूर्वी वाटायचे. तसे नाही. फ्रान्समध्ये 1894 साली कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप झाली. त्याच्या विरोधात लष्कर आणि कर्मठ मंडळी होतीच, पण अनेक समाजवादीही सुरुवातीला त्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत. श्रीमंत घरच्या अधिकाऱ्याशी आपले काय देणेघेणे, असा त्यांचा सूर होता. पुढे समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी आपली चूक सुधारली आणि ते ड्रेफसच्या बाजूने लढले. 1906 साली तो निर्दोष ठरला.

जानेवारी 1953 मध्ये स्टालिनच्या रशियात काही नामवंत डॉक्टरांवर, त्यातल्या बहुतेक ज्यूंवर, नेत्यांना मारण्याचा कट केल्याचा आरोप झाला. मार्चमध्ये स्टालिन गेला आणि एप्रिलमध्ये सरकारनेच आरोप खोटा असल्याचे मान्य केले.

अलीकडचेही पाहा. 2018 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एका अतिउजव्या माणसाने प्रार्थनास्थळात 11 जणांना गोळ्या घातल्या. ज्यू लोक निर्वासितांना देशात आणतात, हा त्याचा राग. 2020 साली ब्रिटनच्या समता आयोगाने डाव्या मजूर पक्षाला ज्यू सदस्यांच्या बेकायदा छळाबद्दल जबाबदार धरले. एकाला ज्यू म्हणजे देश बुडवणारा साम्यवादी वाटतो, दुसऱ्याला गरिबांना लुटणारा सावकार. दोघांच्याही मनात पडद्यामागून सूत्रे हलवणारा तोच एक काल्पनिक माणूस असतो.

आपणही फार दूर नाही. 2012 साली अहमदाबादेत कपड्यांच्या एका दुकानाचे नाव चक्क 'हिटलर' होते. मावशींच्या समाजाला ते वाचून काय वाटले असेल? आणि कंजूष माणसाला 'शायलॉक' मीही म्हटलेले आहे.

एक गोष्ट स्पष्ट करते. इस्रायल सरकारच्या धोरणांवर टीका करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. इस्रायलमधले ज्यूसुद्धा ती करतात. गाझामधल्या मुलांसाठी जीव तुटणे हा माणुसकीचा भाग आहे. पण त्या सरकारच्या निर्णयाचा जाब अहमदाबादच्या मावशींना विचारणे, हा द्वेष आहे.

मुलांनो, असा फॉरवर्ड आला की एक करून बघा. त्यातला 'ज्यू' शब्द काढा आणि तिथे 'मराठी' घाला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्याला 'तुम्ही लोक' हे शब्द कधी ना कधी ऐकावे लागलेले आहेत. ते कसे लागतात, हे वेगळे सांगायला नको.

त्या रात्री दोन्ही मुले मावशींना स्टेशनवर सोडायला गेली. वाटेत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. यंदा दिवाळीला मावशी पुन्हा येणार आहेत. या वेळी गरज पडलीच, तर त्यांच्या आधी मी बोलेन.