नामसादृश्य आणि व्यक्तिनिश्चिती : मध्ययुगीन मराठी संतकवींच्या संदर्भात

प्रास्ताविक

एकच नाव धारण करणाऱ्या दोन व्यक्ती कालांतराने एकमेकींत मिसळून जाणे, ही इतिहासलेखनातील जुनी अडचण आहे. राजघराण्यांच्या बाबतीत ती सहसा सुटते. भोसले घराण्यात शहाजीराजांचे ज्येष्ठ पुत्र संभाजी, शिवछत्रपतींचे पुत्र छत्रपती संभाजी (१६५७–१६८९) आणि राजाराम महाराजांचे पुत्र कोल्हापूरचे संभाजी (१६९८–१७६०) असे तीन संभाजी आढळतात. मुद्रा, सनदा व पत्रव्यवहार उपलब्ध असल्याने त्यांना वेगळे ओळखता येते. संतकवींच्या बाबतीत अशी साधने जवळजवळ नाहीत. रचनेच्या शेवटी येणारी नाममुद्रा हाच बहुधा कर्तृत्वाचा एकमेव पुरावा असतो. प्रस्तुत लेखात मराठवाड्याशी निगडित दोन उदाहरणांच्या आधारे या पुराव्याची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांपैकी एका ठिकाणी दोन व्यक्तींची एक झाली, तर दुसऱ्या ठिकाणी एकाच व्यक्तीच्या दोन केल्या गेल्या.

नामदेव आणि विष्णुदास नामा

परंपरेनुसार नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे त्यांचे जन्मस्थान, तर औंढा नागनाथ येथील विसोबा खेचर हे त्यांचे गुरू होत. ज्ञानदेवांचे समकालीन व सहप्रवासी म्हणून ते ओळखले जातात. विष्णुदास नामा हा कवी मात्र सुमारे अडीच शतकांनंतरचा, म्हणजे एकनाथकालाच्या आसपासचा आहे. महाभारतावरील ओवीबद्ध रचनेसाठी तो प्रसिद्ध आहे.

दोघांच्याही रचनांत ‘नामा’ ही मुद्रा येते. ‘विष्णुदास’ या विशेषणाने दोघांना वेगळे करता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु विष्णूचा दास हे कोणत्याही वैष्णवाने स्वतःला लावावे असे विशेषण असून ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा नामदेवांच्या मानल्या जाणाऱ्या अभंगांतही आढळते. त्यामुळे केवळ मुद्रेच्या आधारे केलेली विभागणी विश्वसनीय ठरत नाही.

या संमिश्रणाचे परिणाम दूरगामी आहेत. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या वैष्णव व शैव संप्रदायांवरील ग्रंथात, ज्ञानेश्वरीच्या तुलनेत नामदेवांच्या अभंगांची भाषा अर्वाचीन दिसते, या कारणास्तव नामदेवांचा काळ सुमारे एक शतक अलीकडे आणला. मौखिक परंपरेत भाषा गायकागणिक नवी होत जाते आणि उत्तरकालीन ‘नामा’च्या रचनाही गाथेत मिसळतात, हे लक्षात घेतले की या अनुमानाचा पाया कमकुवत ठरतो. जी भाषा कालनिर्णयासाठी वापरली, ती नामदेवांचीच होती याची खात्री नव्हती.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. ज्ञानदेवादी भावंडांच्या चरित्राचे प्रमुख साधन म्हणजे नामदेवगाथेतील ‘आदी’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ ही प्रकरणे होत. ती समकालीन साक्षीदाराची की उत्तरकालीन कवीची, या प्रश्नाच्या उत्तरावर ज्ञानदेवांच्या चरित्राची विश्वसनीयता अवलंबून आहे. गाथेची उपलब्ध जुनी हस्तलिखिते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या फारशी मागे जात नाहीत. म्हणजे ती विष्णुदास नाम्याच्याच काळाच्या आसपासची आहेत. १६०४ साली संकलित झालेल्या आदिग्रंथातील नामदेवांची ६१ पदे हा स्वतंत्र पुरावा मोलाचा असला तरी चरित्रपर प्रकरणांच्या कर्तृत्वाचा निर्णय त्यातून होत नाही.

ज्ञानेश्वर : एक की दोन?

पैठणनजीकचे आपेगाव हे ज्ञानदेवांच्या घराण्याचे मूळ गाव. १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रातून शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने असे प्रतिपादन केले की, ज्ञानेश्वरी लिहिणारे आपेगावचे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे आळंदीचे ज्ञानेश्वर या भिन्न व्यक्ती आहेत. ज्ञानेश्वरी नाथपंथीय वळणाची असून तीत विठ्ठलभक्ती आढळत नाही, अभंग मात्र विठ्ठलभक्तीने ओथंबलेले आहेत, आणि दोहोंची भाषाही भिन्न आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

या मताचा पुढे अनेकांनी प्रतिवाद केला. गीतेवरील भाष्य आणि आत्मनिवेदनपर अभंग यांची प्रयोजने भिन्न असल्याने आशयात अंतर पडणे स्वाभाविक आहे. शके १२१२ (१२९०) मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत गुरू म्हणून निवृत्तिनाथांचा उल्लेख आहे आणि अभंगांतही तोच गुरू येतो. रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात विचारसाम्याच्या आधारे दोन्ही कृती एकाच व्यक्तीच्या मानल्या. भारदे यांचे मत मान्य झाले नाही. तथापि सर्व अभंग ज्ञानदेवांचेच आहेत असे गृहीत धरू नये, हा त्यांच्या लेखनातून मिळणारा इशारा आजही उपयुक्त आहे.

पुराव्यांची प्रतवारी

इंग्लंडमध्ये ‘ल मॉर्त दार्थर’चा कर्ता टॉमस मॅलरी याच्याविषयी असाच प्रश्न उपस्थित झाला. आपण सरदार व बंदिवान असल्याचे कर्ता ग्रंथात सांगतो. त्या नावाच्या अनेक व्यक्तींपैकी वॉरिकशायरमधील मॅलरीची निवड किट्रेज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली, तर १९६६ मध्ये मॅथ्यूज यांनी यॉर्कशायरच्या मॅलरीचा पक्ष मांडला. तेथे न्यायालयीन दप्तरे साहाय्यास आहेत. आपल्याकडे ती नसल्याने अंतर्गत पुराव्यांची प्रतवारी काटेकोर असणे आवश्यक ठरते. ग्रंथसमाप्तीचा शक व स्थळ, गुरुपरंपरेचा उल्लेख, हस्तलिखिताचा काळ, इतरांनी केलेले उल्लेख, भाषेचे रूप आणि सर्वांत शेवटी नाममुद्रा, असा क्रम सुचविता येईल. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत स्वतःबरोबर गुरूचेही नाव गुंफतात. अशी जोडमुद्रा एकेरी मुद्रेपेक्षा अधिक निर्णायक असते, जरी तिचेही अनुकरण अशक्य नसते.

निष्कर्ष

१. नामसाम्यावरून ऐक्य सिद्ध होत नाही आणि आशयभेदावरून भिन्नत्व सिद्ध होत नाही. दोन्ही अनुमानांना स्वतंत्र आधार हवा.
२. भाषेवरून काळ ठरविण्यापूर्वी संहिता त्या कवीचीच आहे, याची निश्चिती करावी.
३. संशयित रचनांचा उल्लेख ‘नामदेवांचा अभंग’ असा न करता ‘नामा-मुद्रांकित अभंग’ असा करावा. शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाथेतून अवतरण घेताना आवृत्ती व अभंगक्रमांक नोंदवावा.
४. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या सूचीत विष्णुदास नामा व नामदेव यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. सूचीतील एक चूक पुढील अनेक प्रबंधांत उतरते.

ज्या रचनांचे कर्तृत्व अनिर्णित आहे, त्या तशाच अनिर्णित ठेवणे अभ्यासाच्या दृष्टीने इष्ट आहे. संतांविषयीचा आदर त्यामुळे उणावत नाही. उलट ज्याचे शब्द त्याच्या नावावर राहणे, हाच त्या आदराचा एक भाग होय.