स्वमग्न मूल, मोजके अन्न आणि कोल्हापुरी स्वयंपाकघर

निवडक आहार म्हणजे काय

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. संवादातील वेगळेपण, ठरावीकपणाची ओढ आणि संवेदनांचा निराळा अनुभव ही तिची प्रमुख अंगे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकशास्त्रापुढे मांडली. त्यांतील अनेकांना तान्हेपणी दूध-अन्न घेताना आलेल्या अडचणींचीही नोंद त्यांनी केली. बाहेरचे जग बाळाच्या आयुष्यात पहिल्यांदा शिरते ते अन्नाच्या रूपाने, हे त्यांचे निरीक्षण आजही पटते. २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्वमग्न मुलांत खाण्याच्या तक्रारींची शक्यता इतर मुलांच्या सुमारे पाचपट असते. लहानपणी थोडेफार नखरे बहुतेक मुले करतात आणि वाढत्या वयाबरोबर ते ओसरतात. स्वमग्न मुलाची खाण्याची यादी मात्र आखूड असते, वर्षानुवर्षे टिकते आणि कधी ठरावीक ताट, ठरावीक चमचा, ठरावीक पाकीट इथपर्यंत काटेकोर होते. हाच निवडक आहार.

नकाराचे मूळ

अशा मुलाला ‘लाडावलेले’ म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. भेंडीचा बुळबुळीतपणा, मटकीच्या उसळीत दाताखाली येणारे साल, वरणात अवचित लागणारे कढीपत्त्याचे पान या गोष्टी इतरांच्या ध्यानातही येत नाहीत. संवेदना तीव्र असलेल्या मुलाला त्या असह्य होतात. काही मुलांना पोटातील भुकेची जाणीवच अंधुक असते. त्यामुळे ‘उपाशी राहिलं की खाईल आपोआप’ हा घरोघरचा उपाय इथे लागू पडत नाही.

संवेदनांइतकेच महत्त्व अनिश्चिततेला आहे. पाकिटातील बिस्किट दर वेळी त्याच आकाराचे, त्याच रंगाचे आणि त्याच आवाजाने मोडणारे असते. घरचा पदार्थ तसा कधीच नसतो. कालची भाकरी जाड होती, आजची कडेला करपली. परवाची आमटी दाट होती, आज पातळ. मोठ्यांच्या लेखी ही एकाच पदार्थाची रूपे असतात, मुलाच्या लेखी ते रोज समोर येणारे अनोळखी पदार्थ असतात. पाकिटाचा हट्ट हा बहुधा चवीचा नसून खात्रीचा असतो. मुलाला स्वयंपाकात सामील करून घेण्यामागचे खरे कारण इथे आहे. पदार्थ डोळ्यांसमोर आणि स्वतःच्या हातून घडला की तो आज वेगळा का झाला हे कळते, आणि वेगळेपणाची भीती कमी होण्याची शक्यता निर्माण होते.

तिखट ही चव नव्हे

कोल्हापूरच्या घरात आणखी एक अडचण आहे: कांदा-लसूण मसाला. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरील चवीच्या कळ्यांना नव्हे, तर उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. ज्या ग्राहीमुळे (रिसेप्टरमुळे) चटका जाणवतो तोच ग्राही मिरचीने जागा होतो, हे शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली दाखवले. २०२१ च्या नोबेल पुरस्कारामागे हे संशोधन होते. म्हणजे तिखट लागणे ही शब्दशः भाजण्याची संवेदना आहे. सवयीने ती बोथट होते, पण प्रत्येकाची एकाच गतीने नव्हे. शिवाय मसाला तेलात पडला की ताट वाढण्याआधीच ठसका लागतो. त्यात कुकरच्या शिट्टीची आणि मिक्सरच्या घरघरीची भर. जेवायला बसण्यापूर्वीच मूल थकलेले असते.

यावरची सोय मात्र कोल्हापुरी स्वयंपाकाच्या परंपरेतच आहे. मटण आधी हळद-मीठ घालून शिजवतात आणि मसाला पडण्यापूर्वीचे अळणी पाणी लहान मुलांसाठी वाटीत काढून ठेवतात. मग त्याच पातेल्यातून नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा आणि मसाल्याचा तांबडा रस्सा वेगळे होतात. मुलासाठी दुसरा स्वयंपाक मांडावा लागत नाही. मसाल्याआधी थांबायची जागा माहीत असली की पुरे. भाजी, आमटी, उसळ यांनाही हेच तत्त्व लावता येते.

सहभागाची पद्धत

फोडणी, मिक्सर आणि पाहुण्यांची वर्दळ नसलेली वेळ मुलासाठी निवडतात. कामाचे चार-पाच टप्पे पाडून प्रत्येकाचे छायाचित्र ओळीने भिंतीवर लावतात आणि टप्पा संपला की ते चित्र उलटे करतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७० च्या दशकात एरिक शॉपलर यांनी उभ्या केलेल्या ‘टीच’ कार्यक्रमातून चित्रांच्या अशा वेळापत्रकाचा प्रसार झाला. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र जागेवर राहते. म्हणून ‘आता काय, नंतर काय, संपणार कधी’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुलाला स्वतःच मिळतात. शेवटचे चित्र खाण्याचे नसावे, भांडे विसळून ठेवण्याचे असावे. जे केले ते खाल्लेच पाहिजे अशी अट आली की मूल दुसऱ्या दिवशी ओट्याजवळ येत नाही.

भाकरीचे उदाहरण

शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी या कामासाठी फार उपयुक्त आहे. ज्वारीत गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन नसते, त्यामुळे तिच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा ताण येत नाही. उकळीचे पाणी घातले की पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापता येते. गार पाण्यात मळली तर ती कडेला चिरते. ही कार्यकारणाची साखळी परातीतच दिसते आणि ठरावीकपणाची आवड असलेल्या मुलाला ती बहुधा रुचते.

ओल्या पिठाचा चिकटा काही मुलांना सहन होत नाही. त्यांच्यासाठी कोरडी कामे भरपूर आहेत: पीठ चाळणे, वाटीने मोजणे, परातीत पीठ भुरभुरणे. उकळते पाणी मोठ्यांनी घालायचे. पुढे एक बोट पिठात, मग तळवा, मग छोटा गोळा, असा प्रवास आठवड्यांचा असू शकतो, कधी महिन्यांचाही. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवतात, पाणी सुकले की उलटतात, आणि मग ती फुगते. तो क्षण मुलाने हातभर अंतरावरून पाहावा. आतील पाण्याची वाफ झाली आणि तिने पापुद्रा वर उचलला, हे एका वाक्यात सांगता येते. पुढे निवलेला तोच पापुद्रा कडक, पातळ आणि कुरकुरीत लागतो, बिस्किटाच्या अगदी जवळचा.

एका पदार्थातून दुसऱ्याकडे

ओळखीच्या पदार्थात एका वेळी एकच बदल करत पुढे सरकण्याच्या पद्धतीला अन्नसाखळी म्हणता येईल. बिस्किट खाणाऱ्या मुलाला आधी पापुद्र्याचा कुरकुरीत तुकडा, नंतर त्याला बोटभर तूप, मग किंचित गूळ, त्यानंतर भाकरीचा मऊ भाग. पांढरा भात खाणाऱ्याला तोच भात जरा मऊ, पुढे त्यावर अळणी पाण्याचा एक चमचा. पोत बदलला तर चव तीच ठेवायची आणि चव बदलली तर पोत तोच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन असले तरी ढेपेगणिक त्याचा रंग आणि खारटपणा बदलतो. म्हणून साखळी पुरी होईपर्यंत एकाच ढेपेतील खडे डब्यात राखून ठेवणे शहाणपणाचे.

नवा पदार्थ स्वीकारायला इतर मुलांनाही दहा-पंधरा भेटी लागतात. इथे त्याहून अधिक लागतील. पाहणे, वास घेणे, हात लावणे, ओठाला टेकवणे या सगळ्या भेटीच होत. मात्र खात्रीच्या पदार्थात चोरून भाजी किंवा औषध मिसळू नये. ते उघडकीस आले तर भाजी मिळत नाहीच, पण यादीतला एक भरवशाचा पदार्थही कायमचा जातो.

ग्लुटेनमुक्त आहाराचा प्रश्न

गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नता कमी होते, असे अनेक पालकांना सांगितले जाते. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार मिळालेला नाही. सीलिॲक विकार किंवा दुधाची ॲलर्जी तपासणीत आढळली असेल तर गोष्ट निराळी. एरवी मोजक्या सहा-सात पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या यादीतून पोळी आणि दूध काढणे हानिकारक ठरते. स्वमग्न मुलांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडतात, हे २०१३ च्या त्याच आढाव्यात दिसले होते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले दूध प्यायची रीत असलेल्या कोल्हापुरात मुलाचे चालत असलेले दूध निष्कारण बंद होणे फार खेदाचे आहे.

मर्यादा

स्वयंपाक हा उपचाराला पर्याय नव्हे. २०१३ च्या आढाव्यात स्वमग्न मुलांची उंची-वजने इतरांपेक्षा विशेष वेगळी आढळली नव्हती. ‘वजन तर भरतंय’ हे समाधान त्यामुळेच फसवे असते, कारण उणीव जीवनसत्त्वांची असू शकते. अतिमोजक्या आहारामुळे स्वमग्न मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हिरड्यांतून रक्त, पाय दुखून चालायला नकार, संधिप्रकाशात कमी दिसणे, घट्ट घास घेताना वारंवार ठसका किंवा उमासे, घटणारे वजन, यादीतून एकेक पदार्थ गळत जाणे या धोक्याच्या खुणा आहेत. बद्धकोष्ठता आणि दातदुखी ही नकाराची साधी कारणे तर सर्वांत आधी तपासावी लागतात. बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची एकत्र गरज भासते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे.

म्हाई आणि पंगत

गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, घर पाहुण्यांनी भरते, चुलीवर मोठी पातेली चढतात आणि मुलाची सगळी घडी विस्कटते. त्या दिवशी नवीन काही शिकवायचे नसते. वर्दळीपासून दूरची खोली, रोजचेच ताट आणि खात्रीच्या पदार्थांचा डबा एवढी तयारी पुरते. आग्रह करणाऱ्या आत्या-मावश्यांना आधीच सांगून ठेवावे लागते. मुलाची इच्छा असेल तर पंगतीत मीठ किंवा पाणी वाढण्याचे काम त्याला देता येते. त्या ओळीत त्याची जागा तयार होते, आणि त्यासाठी त्याला काहीही खावे लागत नाही.