चर्चेतले नाव आणि जाहीर झालेले नाव

राष्ट्रपतिपदाची चर्चा सोलापूरला नवी नाही. २००७ मध्ये काँग्रेसच्या संभाव्य उमेदवारांत सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांचे नाव घेतले जात होते. २०१७ मध्ये विरोधकांच्या उमेदवारीसाठीही ते चर्चेत आले. जाहीर झाली मात्र दुसरीच नावे: आधी प्रतिभाताई पाटील, नंतर मीरा कुमार. द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. अशा वेळी वर्ष-दोन वर्षे आधीपासून याद्या निघतात आणि आपल्या माणसाचे नाव दिसले की शहर त्यावर विसंबते. त्यामागच्या काही समजुती तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज: ज्याचे नाव सर्वांत पुढे, तोच उमेदवार.

२००७ मध्ये सर्वांत पुढे नाव होते ते आपल्या शेजारच्या लातूरचे शिवराज पाटील यांचे. ते तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते. पण सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर उभे होते आणि डाव्यांना ते नाव मान्य नव्हते. अखेर १४ जूनला राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. पहिल्या याद्यांमध्ये ते जवळपास कुठेच नव्हते. २००२ मध्येही महाराष्ट्राचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांची चर्चा जोरात होती, राष्ट्रपती झाले अब्दुल कलाम.

उमेदवार ठरताना कोण सर्वांना अधिक आवडतो, यापेक्षा कोणाला कोणी अडवत नाही, हे जास्त पाहिले जाते. म्हणून माझ्या मते लवकर चर्चेत येणे हा फायदा नसून बहुतेक वेळा तोटाच असतो. नाव आधी फुटले की आक्षेप घेणाऱ्यांनाही तयारीला वेळ मिळतो. यालाही अपवाद आहेच. मुर्मू यांचे नाव २०१७ मध्ये चर्चेत होते, तेव्हा निवड रामनाथ कोविंद यांची झाली. मुर्मू यांची पाळी पाच वर्षांनी आली.

गैरसमज: मतांचे गणित आधीच मांडता येते.

राष्ट्रपती निवडतात संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. राज्यानुसार आमदाराच्या मताचे मूल्य वेगळे असते. १९७१ च्या जनगणनेवरून ते काढलेले आहे: महाराष्ट्रात १७५, उत्तर प्रदेशात २०८. म्हणजे आपल्या २८८ आमदारांची मते ५०,४०० आणि उत्तर प्रदेशच्या ४०३ आमदारांची ८३,८२४. आता २०१७ पाहा. उत्तर प्रदेश विधानसभेचा निकाल मार्चमध्ये लागला आणि कोविंद यांचे नाव जूनमध्ये आले. २०१५ मध्ये भाकीत करणाऱ्याच्या हिशेबात ज्यांची मते होती, त्यांतले कितीतरी जण मतदानाच्या दिवशी आमदारच नव्हते. २०२७ लाही तेच होणार, कारण उत्तर प्रदेशच्या विधानसभेची मुदत त्याच वर्षी मे महिन्यात संपते.

आमदार तेच राहिले तरी बाजू बदलते. याचे उदाहरण आपल्याच राज्यातले. २१ जून २०२२ रोजी मुर्मू आणि यशवंत सिन्हा ही दोन्ही नावे जाहीर झाली. त्याच दिवशी एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतेत होते. महिना संपायच्या आत राज्यातले सरकार गेले आणि १२ जुलैला उद्धव ठाकरे यांनीही मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. मतदान १८ जुलैला होते. महाराष्ट्रातल्या मतांचा हिशेब महिन्याभरात पार बदलला, तर वर्ष-दोन वर्षे आधी तो मांडणार कसा?

गैरसमज: अमेरिकेत जनताच उमेदवार निवडते, म्हणून तिथे आधी कळते.

तिथेही कळत नाही. २००७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या जनमत चाचण्यांत रूडी जुलियानी बहुतांश काळ पुढे होते. प्रत्यक्षात त्यांना एकही राज्य जिंकता आले नाही. डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आघाडीवर होत्या आणि उमेदवारी मिळाली बराक ओबामांना.

गैरसमज: उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती होतातच.

के. आर. नारायणन १९९७ मध्ये झाले, त्यानंतर कोणी नाही. भैरोसिंह शेखावत २००७ मध्ये उभे राहिले आणि हरले. पक्षाची अधिकृत उमेदवारीही पुरेशी नसते: १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी व्ही. व्ही. गिरींकडून पराभूत झाले, आणि १९७७ मध्ये तेच रेड्डी बिनविरोध निवडून आले.

गैरसमज: नाव मागे पडले, म्हणजे माणूस संपला.

ही समजूत मला सर्वांत अन्यायाची वाटते. ऑगस्ट २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शेखावतांना ४५४ आणि सुशीलकुमार शिंदे यांना ३०५ मते मिळाली. त्या पराभवानंतर पाचच महिन्यांनी शिंदे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पुढे २००४ मध्ये आघाडीने विधानसभा जिंकली, तरी मुख्यमंत्रिपद विलासराव देशमुखांकडे गेले आणि शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. २०१२ मध्ये ते देशाचे गृहमंत्री होते, २०१४ मध्ये सोलापुरातच शरद बनसोडे यांच्याकडून हरले. सोलापूरच्या न्यायालयातल्या साध्या नोकरीपासून सुरू झालेल्या या वाटचालीचे एकही वळण कोणाला आधी सांगता आले नसते.

मग बातमीवर भरवसा कधी ठेवायचा? राष्ट्रपतींची मुदत संपण्याला साठ दिवस उरल्याशिवाय निवडणुकीची अधिसूचना निघत नाही. अर्जावर मतदारांपैकी ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ या चारही वेळा विजयी उमेदवाराचे नाव जाहीर झाले ते १४ ते २१ जून या आठवड्याभरात.