भिंतींनाही श्वास हवा
जुन्या वाड्याची डागडुजी करताना घरातील माणसांचे आरोग्य कसे जपावे?

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस सरले की पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव किंवा नारायण पेठेतील जुन्या घरांत एक ओळखीचा कुबट वास भरून राहतो. माजघराच्या भिंतीला हात लावला तर तो गार लागतो, कपाटातील कपड्यांवर करडी बुरशी दिसते, आणि रात्री आजोबांचा खोकला वाढतो. घरातील मंडळी औषध बदलून पाहतात, काढा देतात. भिंतीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वाचकहो, आपण अशा वाड्यात राहत असाल, तर या खोकल्याचे एक कारण तेथे असू शकते, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

ही केवळ शंका नव्हे. घरातील ओल आणि बुरशी यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले आणि वृद्ध यांचा बहुतेक वेळ घरातच जातो. त्यामुळे त्यांना याचा उपद्रव अधिक होतो. म्हणूनच जुन्या घराची दुरुस्ती हा आरोग्याचाही विषय आहे.

वाड्याची प्रकृती ओळखा

वैद्य उपचारापूर्वी प्रकृती पाहतो, तसेच येथेही करावे. पेठांतील वाडा हा आजच्या काँक्रीटच्या इमारतीहून अगदी वेगळ्या पद्धतीने उभा असतो. घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब व तुळया, मधल्या जाड भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, वर कडीपाट आणि कौले. विटा जोडायला चुना, आणि बाहेरून गिलावाही चुन्याचाच. या चुन्याचा आणि मातीचा गुण असा, की ते पावसाळ्यात थोडी ओल घेतात आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकतात. मधला चौक हवा खेळती ठेवतो. ओल घेणे आणि सोडणे हा त्या भिंतीचा श्वासच होय.

मातीच्या भिंतीला पाण्याचे भय किती असते, हे पुणेकरांना १२ जुलै १९६१ रोजी कळले. पानशेतचे धरण फुटले, मुठेचे पाणी पेठांत शिरले आणि नदीकाठचे असंख्य वाडे खचले. आज पूर नसला, तरी गळकी पन्हळ, फुटलेला नळ आणि तुंबलेली मोरी हेच काम हळूहळू करीत असतात.

सिमेंटचा मोह टाळा

ओल दिसली की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: पोपडे खरवडून वर सिमेंटचा गिलावा, त्यावर चकचकीत रंग. दोन वर्षे भिंत देखणी दिसते. परंतु सिमेंटच्या घट्ट थरातून आतील ओलीला सहज बाहेर पडता येत नाही. जमिनीतून चढणारे पाणी भिंतीत आणखी वर सरकते, लाकडी खांबापर्यंत पोहोचते, आणि ओलसर लाकडाला बुरशी व वाळवी लागते. वरून धडधाकट दिसणारा खांब आतून पोकळ होतो तो असा.

म्हणून आधी पाणी कोठून येते, ते शोधावे. सोपी परीक्षा अशी: ओलसर भागावर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस जमले, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले, तर खोलीतील वाफ बाहेर जात नाही. डाग जमिनीलगत असेल तर पाणी खालून चढते आहे. छताजवळ असेल तर कौले आणि पन्हळ पाहावी. मध्येच असेल तर नळ तपासावा. कारण दूर केल्यावर भिंतीला सुकायला पुरेसा अवधी द्यावा, आणि मगच चुन्याचा गिलावा करून वर चुन्याची सफेदी द्यावी. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यास वेळ लागतो, पण तो वेळ सार्थकी लागतो.

खोलीतील वाफ हे कारण असेल तर उपाय आणखी सोपा आहे. स्वयंपाकघरात व न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवावा, ओले कपडे खोलीत वाळत घालू नयेत, कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. कित्येक वाड्यांत मधल्या चौकावर पत्रे टाकून एक खोली वाढवलेली असते. त्या एका खोलीपायी सगळ्या घराचा उजेड आणि वारा कोंडतो. शक्य असेल तेथे चौक पुन्हा मोकळा करावा.

बुरशी साफ करताना मास्क व हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करावी. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये.

दुरुस्तीच्या धुळीत काय असते?

ओलीइतकाच दुसरा धोका दुरुस्ती करतानाच निर्माण होतो. जुन्या दारे-खिडक्यांवर तैलरंगाचे थरांवर थर असतात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे बरेच अधिक असू शकते. असा रंग कोरडाच घासला की त्याची बारीक पूड जमिनीवर, खेळण्यांवर आणि तेथून रांगत्या बाळाच्या तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात शोषला जाणारा भाग प्रौढांच्या चार ते पाच पट असू शकतो, आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही.

यासाठी जुना रंग पाणी मारून, ओला ठेवूनच काढावा. जाळून काढू नये. रंग घट्ट बसलेला असेल तर तो न काढता वर नवा हात देणे अधिक शहाणपणाचे. काम चालू असलेली खोली जाड प्लास्टिकने बंद करावी, फरशी झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसावी. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांनी ते दिवस नातलगांकडे काढावेत. कामगारांनाही मास्क द्यावेत. विटा-दगड कापताना उडणारी धूळ त्यांच्या फुप्फुसांत जन्मभर राहते.

चौकावर किंवा संडासावर सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील, तर ते ॲस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असतो. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगास कारण ठरतात आणि आजार दिसण्यास अनेकदा काही दशके जातात. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. तो कापणे, भोक पाडणे, फोडणे यांत धोका आहे. काढायचाच असेल तर जाणकार माणसाकडून, ओला करून, अखंड उतरवावा.

जिना, तारा आणि पाणी

वाड्याचा जिना बहुधा अंधारा व उभा असतो, आणि त्याच्या पायऱ्या असमान असतात. पूर्वी आधाराला दोर लोंबत असे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मांडीचे हाड एका पावलाच्या चुकीने मोडते, आणि पुढची अनेक वर्षे परावलंबनात जाऊ शकतात. दोन्ही बाजूंना भक्कम कठडा, वर आणि खाली दोन्हीकडून लागणारा दिवा, प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, आणि न्हाणीघरात भिंतीत पक्के बसवलेले आधारदांडे, या चार गोष्टींना फार खर्च येत नाही. इतर काही लांबणीवर टाकावे लागले तरी चालेल, हे काम मात्र टाकू नये.

लाकडी घरात जुन्या तारांवर वातानुकूलन यंत्र आणि गिझर यांचा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. परवानाधारक तंत्रज्ञाकडून वायरिंग व अर्थिंग तपासून घ्यावे, आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीलाही वीज तोडणारे आरसीसीबी बसवावे. गंजलेले लोखंडी नळ बदलावेत. गच्चीवरील टाकी ठरावीक मुदतीने धुवावी. काही वाड्यांत, कात्रजहून नळाने पाणी येत असे त्या काळचे हौद आहेत. ते वापरात नसतील तर घट्ट झाकावेत. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याच्या अवस्थेला पोहोचतो. म्हणून घरातील पाणी साठवण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीत.

वर्षाचा क्रम

फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकडाची पाहणी करावी: हातोडीच्या दांड्याने ठोकल्यास पोकळ लाकडाचा आवाज वेगळा येतो. एप्रिल-मे हा गिलावा, कौले चाळणे आणि रंगकामाचा काळ. जूनपूर्वी पन्हळ व मोऱ्या साफ कराव्यात, भिंतींत उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढावीत. पावसाळ्यात गळतीच्या जागा वहीत तारखेसह नोंदवाव्यात. दिवाळीनंतर त्या नोंदीवरून पुढील काम आखता येते.

भाड्याच्या वाड्यांत मालक-भाडेकरूंच्या वादात दुरुस्ती वर्षानुवर्षे अडून राहते. घर राहण्यायोग्य ठेवणे ही भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने दुरुस्तीची मागणी लेखी करावी आणि प्रत जपून ठेवावी. बोलणे खुंटले असेल तरी निदान जिना आणि छत यांवर एकमत करता येते, कारण त्याखालून दोघांचीही मुले जातात.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. प्रत्येक वाडा वाचवता येतोच असे नाही. तड्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी. तडा खुणेपलीकडे सरकला, दार अचानक चौकटीत अडकू लागले, तुळई वाकली, भिंत फुगली किंवा कडीपाटातून माती गळू लागली, तर स्थापत्य अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे. त्याने किंवा महापालिकेने घर सोडण्यास सांगितले तर पाऊस थांबण्याची वाट पाहू नये. चार पिढ्यांचे देवघर मागे सोडणे जड जाते, हे खरे. परंतु देव उचलून नेता येतात.

आणि अभियंत्याने वाडा भक्कम आहे असे सांगितले, तर घाईने तो पाडण्याचा विचार करण्याआधी एक संपूर्ण वर्ष वरील क्रम पाळून पाहावा. येत्या पावसाळ्यात माजघराची भिंत कोरडी राहिली आणि आजोबांना रात्री शांत झोप लागली, तर हा खर्च कोणत्या कामी आला ते निराळे सांगावे लागणार नाही.